बिरदेवनं काढलेली वायर

बारामतीत नवी इमारत उभी राहिली आणि तिच्या दाराला अंगठा नाहीतर कार्ड लावून उघडणारं कुलूप बसवायचं ठरलं, की पहिलं नाव निघायचं ते पिंपळीच्या बिरदेव मदनेचं. बँका, दवाखाने, कॉलेजांची ऑफिसं, वालचंदनगरातलं एक गेस्ट हाऊस, सगळीकडं त्याच्या हातची दारं. लोक त्याला दारवाला म्हणायचे आणि त्यात काही थट्टा आहे असं त्याला कधी वाटलं नाही. उलट कुणी पत्ता विचारला तर तो स्वतःच सांगायचा, दारवाला बिरदेव म्हणा, कुणीही दुकान दाखवील.

माणूस कामाचा होता, यात वाद नाही. पण मिरवायची हौस दांडगी. काम संपलं की त्याची 'परीक्षा' असायची. मालकापासून शिपायापर्यंत सगळ्यांना तो दाराच्या आतल्या बाजूला गोळा करायचा आणि भाषण ठोकायचा. चोराला बाहेर ठेवणारं दार कुणीही बसवील, आग लागल्यावर आतल्या माणसाला बाहेर सोडणारं दार बसवायला अक्कल लागते, हे त्यातलं ठरलेलं वाक्य. मग तो चौकटीवरची जाड लोखंडी पट्टी दाखवायचा. ते चुंबकाचं कुलूप. त्यात वीज खेळतेय तोवर पैलवानानं ओढलं तरी दार हलत नाही, आणि वीज तुटली की लेकरानं ढकललं तरी उघडतं. ती वीज तोडायच्या दोन वाटा. छतावरच्या यंत्राला धूर लागला की घंटा वाजते आणि तिथून आलेली एक वायर कुलपाची वीज आपोआप तोडते. आणि तेही फसलं तर दाराशेजारची हिरवी डबी, तिच्यावर जोरात दाबलं की काम झालं. एवढं सांगून बिरदेव शिडीवर चढून त्या यंत्राखाली उदबत्ती धरायचा. घंटा वाजायची, कुलूप खट्‌दिशी सुटायचं, लोक टाळ्या वाजवायचे. बिरदेव खाली उतरून हात झटकायचा, जणू दार त्याच्या शब्दाखातर उघडलं होतं.

त्याच्या घरात ही परीक्षा सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली बाई म्हणजे त्याची थोरली बहीण, नकोशी. मदन्यांच्या घरात ओळीनं तिसरी मुलगी झाली तेव्हा आता तरी मुली थांबाव्यात म्हणून हे नाव ठेवलं होतं. पुढचा बिरदेव झाला, म्हणजे नावानं आपलं काम चोख केलं, असं घरानं धरलं आणि तिला दुसरं नाव द्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. तेव्हा घरात मेंढरं होती. बिरदेव शाळेत जायचा आणि नकोशी मेंढरांमागं. पुढं मेंढरं विकून जमिनीच्या तुकड्यावर विहीर पाडली, तेव्हा ती दुसऱ्याच्या उसात खुरपायला गेली आणि बिरदेव आयटीआयला. नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती पुन्हा पिंपळीला भावाकडं आली. 'आक्कानं मला शिकवलं' हे बिरदेव चारचौघांत मोठ्यानं सांगायचा. घरात मात्र चहा तिनंच करायचा.

विजयसिंहदादांची अभ्यासिका झाली आणि नकोशीला तिथं झाडलोटीचं काम मिळालं, तेही बिरदेवच्या शब्दावर. विजयसिंह म्हणजे बारमाही पाण्याचे बागायतदार. वडील संभाजीआबा गेल्यावर त्यांच्या नावानं काहीतरी करायचं म्हणून त्यांनी शहरात पहिल्या मजल्यावर मुलींसाठी अभ्यासिका काढली. खेड्यापाड्यातल्या पोरी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला दिवसदिवस तिथं बसणार होत्या. मुलगी आत आली की अंगठा, बाहेर गेली की अंगठा, आणि दोन्ही वेळा बापाच्या मोबाइलवर निरोप. आतून साधं बटण दाबून बाहेर पडता आलं पाहिजे, असं बिरदेवनं एकदा सुचवून पाहिलं. विजयसिंह म्हणाले, याच भरवशावर लोक पोरी पाठवणार आहेत. बिरदेवनं मान डोलावली. हिरवी डबी आहे, धुराची वायर आहे, भागतंय, असं त्यानं मनाशी म्हटलं.

परीक्षाही झाली, टाळ्याही झाल्या. आणि दुसऱ्या दिवशी विजयसिंहांच्या पत्नी राजलक्ष्मीवहिनींनी दाराजवळच्या गणपतीपुढं धूप घातला.

घंटा वाजली आणि दार सुटलं. संध्याकाळी पुन्हा धूप, पुन्हा घंटा, पुन्हा दार सताड. तिसऱ्या वेळी विजयसिंहांनी बिरदेवला बोलावून घेतलं. यावर सरळ उपाय होता. धूर ओळखणारं यंत्र तिथून हलवायचं, नाहीतर उष्णतेवर चालणारं दुसरं बसवायचं, नाहीतर देवाची जागा बदलायची. पण देवाची जागा गुरुजींनी सांगितलेली होती. छताला नुकतीच नक्षी केली होती, ते उचकटायला वहिनी तयार नव्हत्या. आणि उद्घाटन तोंडावर आलेलं. विजयसिंहांनी बिरदेवच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, पाहुणे येणार आहेत, एवढा कार्यक्रम पार पडू दे, मग तू म्हणशील तसं करू.

नाही म्हणायला काय लागत होतं? जे वाक्य तो शंभर लोकांसमोर ठोकत होता, तेच एका माणसासमोर म्हणायचं होतं. पण खांद्यावर असा हात पडला की बिरदेवची छाती फुगायची आणि अक्कल आत कुठंतरी दबून जायची. त्यानं शिडी लावली. नकोशी फरशी पुसत होती, तिनं येऊन शिडी धरली.

"ही कशाची वायर?" तिनं विचारलं.

"घंटेची. दार उघडणारी."

"मग आता घंटा वाजली तर?"

"वाजंल की. दार तेवढं सुटणार न्हाय. दोन दिवसांचा परश्न हाय, आक्का."

उद्घाटनाला आबांचा मोठा फोटो आला, चंदनाच्या हारासकट. नव्या भिंतीला खिळा ठोकायची वहिनींची तयारी नव्हती. कुणाच्या तरी नजरेला ती हिरवी डबी पडली. भिंतीतून चांगली बोटभर बाहेर आलेली, मजबूत, आणि दाराशेजारी, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याचं पहिलं दर्शन आबांचंच. डबीला दोरी अडकवून फोटो टांगला. डबी फोटोमागं दिसेनाशी झाली. बिरदेवनं ते पाहिलं. बोलावं असं त्याच्या मनात आलंही. पण तेवढ्यात कुणीतरी त्याची पाहुण्यांशी ओळख करून दिली, हेच आमचे दारवाले म्हणून, आणि हातात पेढा ठेवला. पेढा खाऊन होईपर्यंत बोलायची वेळ गेली.

दोन दिवसांचे महिने झाले. बिरदेव विसरला असता तर निदान विसराळू तरी म्हटलं असतं. तो विसरला नव्हता. त्या रस्त्यानं जाताना त्याची नजर पहिल्या मजल्याकडं जायची आणि तो गाडी जरा जोरात हाकायचा.

मग एका दुपारी अभ्यासिकेच्या मागच्या खोलीत, जिथं इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या होत्या तिथं, ठिणगी पडली. घंटा वाजली. पोरींनी माना वर केल्या नाहीत. वहिनींचा धूप, असं म्हणून एकीनं कानात बोळे कोंबले आणि बाकीच्या हसल्या. इतक्या दिवसांत घंटेचा अर्थ धूप एवढाच उरला होता. धूर काळा होऊन टेबलांवरून सरकायला लागला तेव्हा पोरी उठल्या आणि दाराकडं धावल्या. दिवे गेले, पंखे थांबले, पण कुलपाला वेगळी बॅटरी होती, बिरदेवनंच हौसेनं बसवलेली, आणि ती इमानानं दार धरून राहिली. अंगठ्याच्या यंत्रावर एकावर एक हात पडत होते. घामेजलेला अंगठा ते ओळखेना. कृपया पुन्हा प्रयत्न करा, असं ते गोड आवाजात सांगत राहिलं. मागच्या पोरी पुढच्यांना रेटत होत्या आणि पुढच्या दारावर चिरडत होत्या.

नकोशी पाण्याच्या पिंपाशी होती. तोंडाला पदर लावून ती त्या गर्दीत शिरली आणि कोपरानं वाट काढत भिंतीशी गेली. फोटो ओढला, दोरी सुटेना. दोन्ही हातांनी हिसडा दिला तेव्हा फोटो खाली आदळला, काच फुटली. काचेचा एक तुकडा तिच्या तळव्यात शिरला, त्याच तळव्यानं तिनं हिरव्या डबीवर दणका घातला. कुलूप सुटलं. पोरी जिन्यावरून खाली ओतल्या गेल्या. एकीला धुरानं भोवळ आली, तिला दवाखान्यात न्यावं लागलं, ती संध्याकाळी बरी झाली. जीव कुणाचाच गेला नाही.

बिरदेव आला तेव्हा आग विझली होती. सगळी माणसं खाली रस्त्यावर. त्यानं आधी आक्काला पाहिलं, ती पायरीवर बसली होती, हात पदरात गुंडाळलेला. ती जिवंत आहे एवढं पाहून तो वर गेला. वर कुणी नव्हतं. शिडी होती. चढून त्यानं ती वायर जागच्या जागी जोडली. असं करताना त्याचे हात थरथरलेसुद्धा नाहीत. पुढं कित्येक दिवस त्याला दुसऱ्या कशापेक्षा हेच जास्त टोचत राहिलं.

खाली उतरला तर राजलक्ष्मीवहिनी रडत होत्या. आबांचा फोटो कुणीतरी आणून ठेवला होता, चौकट मोडलेली, आबांच्या तोंडावर चपलांचे ठसे, हाराचा भुगा. अख्ख्या अभ्यासिकेच्या पोरी सासऱ्यांना तुडवून गेल्या, हे त्यांना सहन होत नव्हतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं, त्या सासऱ्यांनी त्यांना लेकीसारखं वागवलं होतं. काढून बाजूला ठेवायला काय झालं होतं, असं त्या नकोशीला पुन्हा पुन्हा विचारत होत्या. नकोशी खाली बघत होती. सगळ्यांची तोंडं बिरदेवकडं वळली. शेवटी बहीण त्याची, कामाला लावली त्यानं.

आणि बिरदेव बोलला. "आक्का, जरा बेतानं काढायचा हुता ना फोटू."

नकोशीनं मान वर केली. त्याच्याकडं पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. बिरदेवला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण जमीन असल्या माणसांना सहसा घेत नाही. तो उभाच राहिला.

दुसऱ्या दिवशी तपासणीला अग्निशामक दलाचे साहेब आले. त्यांनी धूर सोडून पाहिला. घंटा वाजली, दार सुटलं. पुन्हा पाहिलं, पुन्हा सुटलं. यंत्रणा व्यवस्थित आहे, असा त्यांनी निर्वाळा दिला. पोरी सांगत होत्या, दार उघडत नव्हतं. पण घाबरलेल्या माणसाला दार कुठल्या अंगाला उघडतं तेही कळत नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. म्हणजे दार सुटलंच असतं. म्हणजे नकोशीमावशीनं उगाच आबांचा फोटो फोडला. दोन्ही गोष्टी एकाच वायरीनं शाबित केल्या, आणि ती वायर बिरदेवनं जोडली होती. नकोशीला थोडे दिवस घरी राहायला सांगितलं गेलं. मोबाइलवर गावभर निरोप फिरला, बारामतीच्या बिरदेवच्या दारानं वाचवले पोरींचे जीव. दुकानात लोक हात मिळवायला येऊ लागले.

घरात तर आणखी अवघड. नकोशीला सगळं ठाऊक होतं. शिडी धरून तिनंच ते ऐकलं होतं. ती भांडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर त्याला जरा हलकं वाटलं असतं. एका हातानं भाकरी थापता येईना म्हणून बिरदेवची बायको संजीवनी थापायची आणि नकोशी चुलीपुढं बसून शेकायची. ताट वाढलं की बिरदेव त्या पट्टी बांधलेल्या हाताकडं न बघता ताट ओढून घ्यायचा. अर्धी भाकरी तशीच टाकून उठायचा. अन्नावरची वासना का उडाली, म्हणून संजीवनीनं विचारलं. पित्त झालंय, असं त्यानं सांगून टाकलं. नकोशीनं निमूटपणे ओवा पुढं केला. त्या ओव्याची त्याला इतकी लाज वाटली की तो उठून गोठ्यात जाऊन बसला.

मग सत्कार ठरला. अभ्यासिका रंगरंगोटी होऊन पुन्हा उघडणार होती, त्याच दिवशी बिरदेवला शाल आणि नारळ. नकोशीलाही परत कामावर घ्यायला वहिनी तयार झाल्या, पण आधी तिनं सगळ्यांसमोर आबांची माफी मागायची. बिरदेवनं हा निरोप घरी सांगितला, तोही चुलीकडं बघत. नकोशी एवढंच म्हणाली, मागीन की.

कार्यक्रमाला पोरी होत्या, त्यांचे बाप होते. आबांचा नवा फोटो आता भिंतीत खिळा ठोकून लावला होता आणि हिरवी डबी मोकळी होती. बिरदेवच्या अंगावर शाल पडली, टाळ्या झाल्या. मग वहिनींनी नकोशीला खुणावलं. ती फोटोपुढं गेली, पायातल्या चपला काढल्या. पट्टीमुळं तिचे हात नीट जुळेनात. उजवा तळवा वाकडाच राहिला. तशीच ती वाकली आणि म्हणाली, "चुकलं, आबा."

खुर्चीवर बसलेल्या बिरदेवला शालीत घाम फुटला. जिनं काच हातात घुसवून घेऊन दार उघडलं ती माफी मागतेय, आणि ज्यानं ते बंद ठेवलं तो शाल पांघरून बसलाय. त्याला स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती. विजयसिंहांनी दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उठला. दोन शब्द म्हटलं की इतर वेळी तो अर्धा तास घ्यायचा.

"आक्काचं काय चुकलं न्हाय," तो म्हणाला. "घंटंची वायर मी काढलेली हुती. आग विजल्यावर, कुणी बघायच्या आत, मीच जोडली. पोरी खरं सांगत हुत्या. दार उघडत नव्हतं. आक्का नसती तर एक बी पोरगी भाईर आली नसती."

विजयसिंह हळू आवाजात म्हणाले, बिरदेव, खाली बस. तो बसला नाही.

"दादांनी सांगितलं म्हणून काढली, असं बी मी म्हणणार न्हाय. दादांना वायर कळत न्हाय. मला कळती."

पोरींपैकी एकजण रडायला लागली. तिचा बाप उठून बिरदेवसमोर आला, आता मारतो असं वाटलं, पण त्यानं नुसतं तोंडाकडं बघितलं आणि पोरीला घेऊन निघून गेला. मार बसला असता तर बरं झालं असतं. राजलक्ष्मीवहिनी नकोशीजवळ गेल्या आणि त्यांनी नुसत्या तिच्या चपला पुढं सरकवल्या. चहा तसाच राहिला. बिरदेवनं शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि बहिणीला घेऊन बाहेर पडला.

मोटरसायकलवर नकोशी मागं बसली होती. बारामती मागं पडली. बिरदेवला वाटत होतं, आता ती पाठीवर हात ठेवील, बरं केलंस म्हणेल. शेवटी ती बोलली.

"एवढं बोलायला अंगावर शाल पडावी लागली व्हय रं?"

पिंपळीचा फाटा आला तशी त्यानं गाडी कडेला घेतली आणि तिला उतरायला सांगितलं. आपल्याला इंदापूरला एक काम आहे, तू घरी जा, असं तो म्हणाला. नकोशी उतरली. पण गेली नाही. त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"कसलं काम?"

बिरदेव हँडलकडं बघत राहिला.

"बिरदेवा, अजून कुठं काढलीयास?"

मग त्याला सांगावंच लागलं. इंदापुरात एका बाळंतिणींच्या दवाखान्यात त्यानं दार बसवलं होतं. बाळं चोरीला जाऊ नयेत म्हणून. तिथं घरची माणसं बाळाला शेकायला, धुरी द्यायला यायची. निखाऱ्यावर ओवा-वावडिंग टाकलं की घंटा वाजायची आणि दार सुटायचं. डॉक्टरीणबाई वैतागल्या होत्या. तिथली वायर पण त्यानं काढली होती, गेल्या पावसाळ्यात. आग लागली त्या दिवसापासून रोज जायचं म्हणत होता. पण तिथं गेलं तर कारण सांगावं लागलं असतं.

नकोशी ऐकत होती. रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली, तशी ती कडेला सरकली.

"आत्ता तितं बाळंतिणी असतील?"

"असतात की. कायमच असतात."

तिनं पदर खोचला आणि पुन्हा गाडीवर बसली.

"मग हितं कशाला थांबलायस?" ती म्हणाली.